दार ओढून घेण्याची सवय

नाव वरच्या रकान्यात दिले आहे. वय एक्केचाळीस, धंदा नोकरी, विमा कंपनीत सर्व्हर सांभाळते. राहणार बेकरीच्या वरचा दुसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर. स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी आणि माझी आई, वय चौऱ्याहत्तर, अशा दोघी राहतो. माझा दादा त्याच्या कुटुंबासह वेगळा राहतो. आईला विस्मरणाचा आजार आहे. मी सकाळी कामावर जाते. आईला सांभाळणाऱ्या मावशी बारा वाजता येतात. मधला वेळ आई एकटी असते. तिला बाहेरून कुलूप घालून जाणे माझ्याच्याने झाले नाही.

माझे काम असे, की कंपनीची यंत्रे ठीक चालू आहेत का, हे एक प्रोग्राम सतत तपासत असतो. सगळे ठीक असेल तर पडद्यावर यंत्राचे नाव हिरवे, नसेल तर लाल, आणि माझ्या फोनवर निरोप. येथे हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, कामाचं तेवढं सांगा." हे कामाचेच आहे, लिहून घ्यावे.

घरी जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर मी आमच्या सर्व्हरवर असते ती लिनक्स प्रणाली टाकली, दार उघडले की कळावे म्हणून चौकटीला चुंबकाची डबी लावली आणि तो लॅपटॉप त्याच प्रोग्रामला जोडला. प्रत्येक यंत्राला नाव द्यावे लागते. मी 'आई' दिले. डबी बघून आई म्हणाली, "सासू गेली, सुटले म्हटलं, तर तू ही दाराला आणून चिकटवलीस." दादा म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकतेस." मी म्हणाले, मग तू ये जवळून हाकायला. कॅमेरा का लावला नाही, असे मला विचारण्यात आले. आई घरात कुठेही कपडे बदलते, म्हणून लावला नाही.

सुरुवातीला दार उघडले की लगेच निरोप येई. पण आई दिवसभर दार उघडून जिन्यात डोकावते, कोणी आले का बघते. लांडगा आला रे आला अशी गत झाली. मी निरोप न वाचताच पुसू लागले. हे बरे नव्हे म्हणून गेल्या आठवड्यात नियमात एक ओळ वाढवली, की दार सलग दहा मिनिटे उघडे राहिले तरच कळवावे. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे. सर्व्हरला क्षणभर धाप लागली म्हणून कोणी माणसांना धावायला लावत नाही. पण सर्व्हर दार ओढून घेऊन निघून जात नाही.

आज बारा वाजता मावशींचा फोन आला, "ताई, आई घरात नाहीत." माझ्यासमोर पडद्यावर 'आई' हिरवी होती. मी म्हणाले, न्हाणीघरात बघा. बघितलं, म्हणाल्या. मी म्हणाले, गॅलरीत बघा, कपाटामागे बघा. "दार उघडं राहिलं असतं तर मला कळलं असतं, तुम्ही नीट बघत नाही," असेही बोलले. मावशी रडू लागल्या, तरी मी त्यांना घरातच शोधायला लावले. अर्धा तास त्यात गेला. मावशींचा काही दोष नाही, हे मुद्दाम लिहावे.

मग मी आतल्या नोंदी उघडल्या. दार साडेदहाला उघडले होते आणि लगेच बंद झाले होते.

आम्ही लहानपणी बाहेर पडलो की आई आतून ओरडायची, "दार ओढून घ्या रे." आता तिला माझे नाव आठवत नाही, मला ती तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. दार ओढून घ्यायला मात्र ती विसरत नाही. हे मी रोज बघत होते. नियम लिहिताना डोक्यात आले नाही.

खालचा बेकरीवाला सांगतो, "आजी पिशवी घेऊन निघाल्या, मला 'येते हं' म्हणाल्या. वाटलं, बऱ्या झाल्या." ती कालव्याच्या रस्त्याने गेली.

आईचे वर्णन: ठेंगणी, सडपातळ, केस पांढरे आणि आखूड, हनुवटीवर तीळ, अंगात निळा स्वेटर. डाव्या चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवलेला आहे. नाव विचारले तर लग्नाआधीचे सांगते. अनोळखी माणसाने हात धरला तर चावते, म्हणून तिला हात न धरता नुसते "चला, घरी चहा टाकलाय" म्हणावे. ती येते. अंधार पडल्यावर तिला काही सुचत नाही. मला फार भीती वाटते आहे. कृपा करून माणसे आत्ता पाठवावीत, माझे सांगणे नंतरही लिहिता येईल.

दहा मिनिटांची ओळ मी काढून टाकली आहे. आता दार जरा हलले तरी माझा फोन वाजतो. जबाब चालू असताना फोन बंद ठेवण्यास मला सांगण्यात आले. मी नकार दिला. आई परत आली तर त्याच दारातून येईल.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवायला घेतला तेव्हा मध्येच फोन वाजला, घरचे दार उघडल्याचा. मी घरी थांबलेल्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मीच आहे गं. कालव्याच्या पुलाखाली बघून येतो. दार उघडं ठेवलंय." त्यानंतर मी राहिलेला मजकूर ऐकला. मी बोलले तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.