पिनॉकला येणारं विमान

जोरेटा : बघू नकोस म्हटलं ना त्या फोनकडे. तू बघून ते परत फिरणार आहे का?

व्हर्लिन : मी एकटाच थोडाच बघतोय. चार हजार दोनशे लोक बघतायत. हे बघ, चार हजार तीनशे झाले.

जोरेटा : गुरुवारी सकाळी नऊ वाजता? यांना काही कामधंदा?

व्हर्लिन : टॉलिव्हर विद्यापीठाचे चाहते आहेत. बास्केटबॉलचा संघ हरला की पुढे वर्षभर त्यांचा हाच धंदा. विद्यापीठाचं विमान उडालं की नकाशावर त्याच्या मागे लागायचं. ते कुठे उतरतं त्यावरून नवा कोच कोण ते ओळखायचं.

जोरेटा : आणि उतरणार कुठे, तर पिनॉकला. मक्यावर औषध फवारणारी दोन विमानं सोडली तर इथे वर्षभरात काही उतरलेलं नाही. शेंबड्या पोरालाही कळेल कोणासाठी येतंय ते.

व्हर्लिन : अजून नक्की नाही म्हणतायत. वीस मैलांवर तो फर्ली आहे ना, दुसऱ्या कॉलेजचा कोच, त्याचंही नाव चाललंय. मी विमानाच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत आणि कुणी त्याचा फोटो काढेपर्यंत सगळ्या वावड्याच.

जोरेटा : मी काय सांगितलं होतं? गाडीने जा. चार तासांचा रस्ता. टोपी घाल, त्यांच्या त्या क्रीडाप्रमुखाला, हॅलोरनला भेट, बोल, रात्री जेवायला घरी ये. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

व्हर्लिन : सांगितलं होतंस.

जोरेटा : मग?

व्हर्लिन : हॅलोरन म्हणाला, विमान पाठवू का. सहज म्हणाला, जसं आपण शेजाऱ्याला म्हणतो, गाडीने सोडू का. मी हो म्हणून बसलो. जो, बावीस वर्षं मी बसमध्ये पोरांच्या ओल्या मोज्यांच्या वासात झोपलोय. आपल्यासाठी कोणी विमान पाठवतं म्हणजे कसं वाटतं, ते एकदा बघायचं होतं मला.

जोरेटा : कसं वाटतंय?

व्हर्लिन : अंडी अजून ताटलीत तशीच आहेत.

जोरेटा : दे ती ताटली इकडे. नुसती चिवडतोयस. पोरांना कळलं?

व्हर्लिन : कप्तानाचा मेसेज आलाय. “कोच, आज दुपारी प्रॅक्टिस आहे ना?” एवढंच.

जोरेटा : काय उत्तर दिलंस?

व्हर्लिन : नाही दिलं.

जोरेटा : वा. मार्चमध्ये त्याच पोरांनी दोन मोठ्या विद्यापीठांना धूळ चारली म्हणून तुला विमान आलं. आणि त्याला “हो” की “नाही” एवढं लिहायला तुझी बोटं उठत नाहीत.

व्हर्लिन : काय लिहू? “हो” लिहिलं आणि गेलो तर खोटं ठरेल, आणि राहिलो तरी आता कोण विश्वास ठेवणार? उद्या मी इथेच राहिलो तरी पोरं म्हणतील, हा एकदा निघाला होता. विमान उतरायच्या आधीच मी इथून गेल्यात जमा आहे. रात्रभर हेच डोक्यात. परतीची वाट मीच बंद केली, तीही एका “हो”ने.

जोरेटा : त्या नोकरीत एवढं काय ठेवलंय ते तरी सांग. खरं खरं सांग, पत्रकारांना सांगतात तसं नको.

व्हर्लिन : टॉलिव्हरपासून तीन तासांच्या रस्त्यात साडेसहा फुटांची तीस पोरं शाळेत शिकतायत. मी त्यांच्या घरी फोन केला तर आया विचारतात, कुठलं कॉलेज म्हणालात? टॉलिव्हरचा फोन गेला तर हातातलं पीठ पुसून उचलतात. सरावाचं मैदान वेगळं, पोरांना हवं तेव्हा उघडतं. इथे बॅडमिंटनवाल्यांना हात जोडून वेळ मागावी लागते. सामन्याला सतरा हजार माणसं येतात, मंगळवारी, बर्फातसुद्धा.

जोरेटा : तेच सतरा हजार. मला बाकी कशाची भीती वाटत नाही, तेवढीच वाटते. ती माणसं बर्फात येतात ना, ती उगाच येत नाहीत.

व्हर्लिन : माहीत आहे.

जोरेटा : तुला नाही माहीत. तू तिथला कोच होशील. कोचच्या घरात वाढलेली मी आहे. फोन वाजतोय बघ.

व्हर्लिन : नंबर ओळखीचा नाही. त्यांच्याकडचाच आहे. हॅलोरनचा नाही पण.

जोरेटा : वैमानिक असेल. स्पीकरवर लाव, मलाही ऐकू दे.

व्हर्लिन : हॅलो, स्टॅम्पर बोलतोय.

रकमन : व्हर्लिन, डेल रकमन बोलतोय.

व्हर्लिन : कोच?

रकमन : गेल्या उन्हाळ्यात शिबिरात भेटलो होतो. तू माझ्या शेजारी बसून पेन मागितलंस. परत दिलं नाहीस.

व्हर्लिन : हो कोच. आहे अजून ते माझ्याकडे. कोच, मी... मला वाटलं होतं त्यांनी तुम्हाला...

रकमन : नाही सांगितलं. टॉलिव्हरचा कोच अजून मीच आहे. निदान सकाळी गाडीत बसताना होतो. आता एका पेट्रोल पंपावर उभा आहे. पंपावरच्या माणसाने मला ओळखलं, आणि त्याच्या फोनवर तुमच्या गावाकडे जाणारा ठिपका दाखवला. त्याला वाटलं, मला ठाऊक असेल. फार शरमला बिचारा.

व्हर्लिन : देवाशपथ, कोच, हॅलोरन मला म्हणाला, रकमनशी बोलणं झालंय, सगळं सामोपचाराने चाललंय.

रकमन : तुला फोन कधी आला?

व्हर्लिन : मंगळवारी. संध्याकाळी सातच्या सुमारास.

रकमन : हं. मंगळवारी सातला तो माझ्याकडेच जेवत होता. फोन करायचाय म्हणून मागच्या अंगणात गेला. मी त्याच्यासाठी मांस निखाऱ्यावर गरम ठेवलं.

जोरेटा : मिस्टर रकमन, मी जोरेटा. व्हर्लिनची बायको. तुम्ही आत्ता कुठे आहात?

रकमन : नमस्कार बाई. टॉलिव्हरपासून दोन तासांवर आहे. एका उंच पोराच्या आईला भेटायला हॅलोरननेच आज पाठवलं. आजच जा म्हणाला. आता कळतंय का ते. हे बघ व्हर्लिन, तुझ्यावर माझा राग नाही. नोकरी चांगली आहे. इतकी चांगली नोकरी तुला पुन्हा कोणी देणार नाही. हे मी उपरोधाने म्हणत नाही. मी फक्त एक मागायला फोन केलाय.

व्हर्लिन : मागा ना, कोच.

रकमन : माझी मुलगी टेसा. बारा वर्षांची आहे. तिच्या शाळेत सकाळी पोरांचे फोन कुलपाच्या पिशवीत ठेवतात, साडेअकराच्या जेवणाच्या सुट्टीत परत देतात. बायको टेक्सासात, तिच्या आईकडे. मी आत्ता निघालो तर अकरा-सव्वाअकराला शाळेत पोचतो. तू तोवर विमानात बसू नकोस. तुझा फोटो आला की नक्की झालं म्हणून सगळीकडे होईल. तिला ते जेवणाच्या टेबलावर, दोनशे पोरांत कळू नये. माझ्याकडून कळू दे.

व्हर्लिन : शाळेत फोन करून...

रकमन : करून काय सांगू? ऑफिसातल्या बाईंच्या फोनवर, त्यांच्यादेखत? नाही. मला तिला गाडीत बसवायचंय, एवढंच. तू किती वाजता बसणार होतास?

व्हर्लिन : दहाला. हॅलोरनने बजावलंय. बाराला विश्वस्तांची बैठक आहे. दहाला नाही निघालो तर ते विमान फर्लीकडे जाईल, म्हणाला.

रकमन : म्हणणारच. बरं, मी निघतो. तुला हो म्हण असंही म्हणत नाही. पोचलो की कळवतो.

व्हर्लिन : कोच, जरा... ठेवला त्यांनी.

जोरेटा : हॅलोरनला कळव. साडेअकराच्या आधी येत नाही म्हणून.

व्हर्लिन : थांब, जरा विचार करू दे.

जोरेटा : यात विचार कसला?

व्हर्लिन : तो मला खड्ड्यात घालत नसेल कशावरून? मी उशीर केला, विश्वस्त बिथरले, बैठक मोडली, की रकमन आपल्या खुर्चीवर कायम. मीही त्याच्या जागी असतो तर सुचलं असतं मला.

जोरेटा : आत्ता सुचलंच की तुला. अजून तिथे गेलाही नाहीस.

व्हर्लिन : जो, मी भ्यालोय. तुला कळत नाहीये. तिकडे ते विमान फर्लीकडे गेलं आणि इकडे पोरांचा विश्वास उडाला, तर मी सत्तेचाळिसाव्या वर्षी कुठे उभा राहू? दोन्हीकडून जाईन मी.

जोरेटा : बस. खाली बस. मी तुला पाट्यांचं सांगितलंय ना?

व्हर्लिन : तुझ्या बाबांना काढलं तेव्हाचं? लोकांनी घरापुढच्या हिरवळीत “विकणे आहे”च्या पाट्या रोवल्या. सांगितलंयस. प्रत्येक ख्रिसमसला हसत सांगतेस.

जोरेटा : हसत सांगते, कारण पुढचं सांगत नाही. बाबांना न्हाव्याच्या खुर्चीत रेडिओवरून कळलं, ते तुला माहीत आहे. मला कसं कळलं ते मी कधी सांगितलं नाही. शाळेच्या बसमध्ये. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, आता तुमचं घर आम्ही घेणार. ती थट्टा करत होती. मला वाटलं खरंच. बस आमच्या कोपऱ्यावर आली तर हिरवळीत अकरा पाट्या. मी मोजल्या. मला वाटलं बाबांनी घर विकलं आणि मला सांगितलं नाही. मी बसमधून उतरलेच नाही, व्हर्लिन. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. बाबा संध्याकाळी शोधत आले, अर्धेच केस कापलेले. तसेच खुर्चीतून उठून गेले होते ते.

व्हर्लिन : हे तू मला वीस वर्षांत सांगितलं नाहीस.

जोरेटा : तू कोच आहेस. कोचला काय सांगायचं? बाबांना मी पुढे बरीच वर्षं माफ केलं नाही. त्यांची चूक काय, तर मला दुसऱ्याकडून कळलं. तेवढीच. त्या मुलीचं तसं होऊ दे, आणि मग तू जा तिच्या बापाच्या खुर्चीत बसायला. मी येईन तुझ्याबरोबर, सामान बांधून येईन. पण मग मला भीती तुझीच वाटेल.

व्हर्लिन : दे तो फोन.

जोरेटा : काय लिहितोयस?

व्हर्लिन : साडेअकरापर्यंत येऊ शकत नाही. कारण लिहिलं नाही. रकमनचं नाव आलं तर हॅलोरन त्याला वाटेतच फोन करून काढेल.

जोरेटा : बरोबर. आता पाठव आणि उलटा ठेव.

व्हर्लिन : ते आलं बघ. ऐकतेयस? केवढा आवाज.

जोरेटा : ऐकतेय. शेजारचा कुत्राही ऐकतोय. कॉफी घेणार?

व्हर्लिन : सकाळपासून तीन कप झाले.

जोरेटा : अर्धा कप देते.

(अकरा वाजून अठरा मिनिटं. त्याच टेबलाशी. उलटा ठेवलेला फोन तासाभरात नऊ वेळा वाजून थांबलेला. आता एकदाच, थोडक्यात वाजतो.)

जोरेटा : बघ आता.

व्हर्लिन : रकमन. “गाडीत बसली.”

जोरेटा : एवढंच?

व्हर्लिन : खाली अजून आहे. “पेन ठेव तुझ्याकडेच.”

जोरेटा : बरं झालं. बरं झालं रे. जरा खिडकी उघड. आता लाव त्या हॅलोरनला. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

व्हर्लिन : विमान उडाल्याचा आवाज तर आला नाही.

जोरेटा : लाव म्हणते ना.

व्हर्लिन : हॅलो. हो, मीच. मिस्टर हॅलोरन, उशिराबद्दल मी... नाही. नाही, तसं नव्हतं. मी कोणाशी बोलत नव्हतो, दुसरीकडून मला काहीही... ऐका तरी. हो. हो, कळलं. सहा? मी मागितलं नव्हतं. बरं. बरं, येतो.

जोरेटा : काय म्हणाला?

व्हर्लिन : हसत होता.

जोरेटा : हसत?

व्हर्लिन : म्हणाला, नऊ फोन झाले आणि तू एक उचलला नाहीस, तेव्हाच विश्वस्तांना सांगितलं, हा मुरलेला गडी आहे. त्यांना वाटलं मी घासाघीस करतोय. दुसरं कुठलं विद्यापीठ मागे लागलंय आणि मी दोघांना झुलवतोय. पाच वर्षांचा करार होता, तो सहाचा केला. बैठक दोनला ढकलली. विमान उभं आहे.

जोरेटा : त्यांना ते आवडलं?

व्हर्लिन : फार आवडलं. म्हणाला, आम्हाला असाच माणूस हवा होता. जो, मी आयुष्यात एक धड गोष्ट केली आणि त्यांनी तिचा अर्थ असा लावला. मी खरं सांगायला गेलो तर ऐकूनच घेतलं नाही.

जोरेटा : ऐकलं असतं तर विमान फर्लीकडे गेलं असतं.

व्हर्लिन : जाऊ की नको?

जोरेटा : ते मला विचारू नकोस. सकाळपासून तुझा पाय दाराकडेच आहे.

व्हर्लिन : आहे. खोटं कशाला बोलू? भीती वाटतेय तरी मला ती नोकरी हवी आहे. ती सतरा हजार माणसं मला हवी आहेत.

जोरेटा : माहीत आहे. बाबाही असेच होते. कोट घाल, तपकिरी नको, निळा. आणि धावपट्टीकडे थेट जाऊ नकोस.

व्हर्लिन : नाही. आधी जिमला जातो. कप्तानाला लिहिलंय, सगळ्यांना गोळा कर म्हणून. तोंडावर सांगतो. शिव्या घालतील, घालू देत.

जोरेटा : विमान थांबेल?

व्हर्लिन : आता थांबेल. जितका थांबवीन तितकं त्यांना आवडेल. तेच तर भयंकर आहे. येऊ?

जोरेटा : ये. व्हर्लिन, एक कर. ते घरं दाखवतील तुला. विमान पाठवतात ती माणसं घरही दाखवतातच. मोठमोठी दाखवतील.

व्हर्लिन : मग? तुला कसं हवंय?

जोरेटा : कसंही चालेल. फक्त पुढे हिरवळ नसलेलं बघ.