दुखण्यांचं पात्रवाटप

—नाही गं, इतकं भरभर नाही. बातम्या वाचल्यासारखं काय म्हणतेस, ‘मला जिना चढताना दम लागतो’? दम लागलेल्या माणसाला एवढं सलग वाक्य येतं का? ‘मला’ — थांबायचं — ‘जिना चढताना’ — श्वास घ्यायचा — आणि मग ‘दम लागतो’. बस अशी समोर. दार उघडंच राहू दे, आरोग्यखात्याची माणसं पहिल्या मजल्यावर आलीत, आपल्या तिसऱ्यावर पोचेपर्यंत तुझी तालीम होऊन जाईल. आता तू म्हणशील, बाई, मला तर काहीसुद्धा होत नाही, मी का म्हणून खोटं बोलू? बरोबर आहे तुझं. वरच्या मजल्यावर भाड्याने आलीस त्याला महिनाही झाला नाही, तुला आमच्या बिल्डिंगचं त्रांगडं कुठून कळणार. सांगते.

मागच्या वेळी अशीच पाहणी झाली. दारोदार फिरून विचारतात, घरात कुणाला काय त्रास, वस्तीला कशाची गरज — म्हणजे इथे दवाखाना हवा की नुसता डोळ्यांचा डॉक्टर पुरे, ते वरच्या लोकांना ठरवता येतं. चांगलीच गोष्ट आहे. पण विचारतात कुठे, तर जिन्यात उभं राहून, आणि आपल्या जिन्यात सगळ्यांचे कान दाराला लागलेले. मग कोण सांगतंय? एकजात सगळे म्हणाले, ‘आमचं छान आहे.’ खालचे कंडक्टर — रिटायर झालेत, त्यांना मूळव्याध, उभ्याने जेवत होते बिचारे, अवघड जागेचं दुखणं — तेही म्हणाले छान. लॉन्ड्रीवाल्या वहिनींना ऐकू येत नाही, त्यांनी तर प्रश्नच ऐकला नाही, तरी म्हणाल्या छान. झालं. खात्याने ठरवलं, इथली माणसं ठणठणीत आहेत, दवाखाना नको. आणि दिलं काय आम्हाला? घसरगुंडी. वर दोन झोपाळे. अगं, या बिल्डिंगमधलं शेवटचं मूल आता बँकेत नोकरीला लागलं. संध्याकाळी झोपाळ्यावर पोस्टमास्तर बसतात आणि शेजारी कंडक्टर साखळी धरून उभे, बसमध्ये असल्यासारखे. आणि दवाखाना तिकडे, पुलापलीकडे. त्या पुलाच्या पायऱ्या चढेपर्यंत एक तर आजार जातो, नाहीतर माणूस.

तर या वेळी मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. शाळेत उभा जन्म मुलांची नाटकं बसवण्यात गेला माझा, झाडाच्या भूमिकेसाठीसुद्धा योग्य मूल निवडायचे मी. सगळ्यांना इथेच बसवलं आणि सांगितलं — आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आपली खोडच आहे ना, मग तिचाच उपयोग करू. स्वतःचं दुखणं सांगायला जीभ रेटत नाही, दुसऱ्याचं सांगायला कुणाची अडखळते? एकेकाने गुपचूप येऊन आपलं दुखणं मला सांगायचं, मी ते दुसऱ्याला वाटून देणार. खोटं कुठे आलं यात? दुखणी सगळी खरी, बेरीज तीच, नुसती तोंडं बदलली. त्यांना बेरीजच हवी असते. आणि कुणाचं दुखणं कुणाला दिलं ते कुणालाही सांगायचं नाही हा माझा नियम — तुला आत्ता कंडक्टरांचं सांगितलं ते सोड, तू गप्प मुलगी आहेस.

आणि पात्रवाटप असं जमलंय म्हणून सांगू! मूळव्याध दिली दुसऱ्या मजल्यावरच्या पहिलवानाला. तो म्हणाला, काकू, मी चारशे लोकांसमोर लंगोटावर उभा राहतो, मला कसली लाज. शिवणकामवालीची अर्धशिशी दिली कंडक्टरांना, ते सकाळपासून डोक्याला फडकं बांधून बसलेत, जरा जास्तच करतात. वहिनींचं ऐकू न येणं पोस्टमास्तरांकडे. त्यांनी तर आठवडाभर आधीच सुरुवात केली, बायकोने हाक मारली की ‘काय? काय म्हणालीस?’ आता ती वैतागलीय आणि त्यांना ते इतकं आवडलंय की पाहणी झाल्यावरही सोडतील असं वाटत नाही.

तुझ्या वाट्याला दम. कुणाचा ते विचारायचं नाही. तू फक्त नीट समजून घे, म्हणजे बोलताना चुकणार नाहीस. पहिला जिना चढला की छातीत भाता चालल्यासारखं होतं. पण थांबलो असं दाखवायचं नाही, कुणाची तरी बेल वाजवायची. पहिल्या मजल्यावर कंडक्टरांची चौकशी, दुसऱ्यावर सुई मागायची — सुया डझनभर आहेत घरात, तरी मागायची. तेवढ्यात श्वास बसतो. लोकांना वाटतं, बाई किती माणसांची वेडी. अगं, नोकरीत होते तेव्हा तडक घरात शिरायचे, शेजारी कोण राहतं पत्ता नव्हता. सगळी बिल्डिंग ओळखीची झाली ती — त्या बाईची म्हणतेय मी. हं. आणि रात्री आडवं झालं की कोंडतं, मग उशीवर उशी रचून बसून राहायचं. पावलांना सूज, म्हणून चपला एक माप मोठ्या. ह्यांना वाटतं मी वाचत बसते. ह्यांना म्हणजे त्या बाईच्या ह्यांना.

अशी काय बघतेस? ह्यांचं मागच्या वर्षी हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, ठाऊक आहे ना तुला. हळव्या मनाचा माणूस आहे. आता मीही छाती धरून बसले तर एकमेकांना पाणी कुणी द्यायचं? दवाखाना खाली त्या रिकाम्या गाळ्यात आला, की सहज भाजी आणायला म्हणून जाईन आणि दाखवून येईन, ह्यांना कळणारही नाही. एवढंच तर आहे. रडू नकोस गं, भूमिकेत नाही ते.

हा कसला गोंधळ? पहिलवानच धावत वर आलाय. काय रे, झालं काय? — तपासतायत? या वेळी यंत्रं आणलीत? — आणि ज्याने जे सांगितलं त्याला लगेच आत घेऊन — अरे देवा. पळून आलास होय. मग लपून राहा वर गच्चीत, जा. — काय म्हणालास? मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देतायत, ज्याच्या त्याच्या नावाची, उद्या गाडी येऊन नेणार?

बघ बाई. म्हणजे कंडक्टरांना डोकेदुखीची गोळी, आणि पोस्टमास्तरांचे चांगले कान तपासायला गाडी येणार. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. बेरीज बरोबर आली आणि माणसं चुकली. मला कसं सुचलं नाही हे? जाऊ दे. आता ऐनवेळी सगळ्यांना मागे कसं फिरवू. तू तुझं वाक्य म्हण, चिठ्ठी मिळाली तर घेऊन ठेव. माझं काय अडलंय एवढं, इतके दिवस गेलेच ना. आल्या बघ त्या. पदर सारखा कर— नाही, ओढणी. आणि मधे थांबायला विसरू नकोस.

या ताई, या. बसा ना. हो, आम्ही दोघंच राहतो इथे, मी अगदी धडधाकट, माझं काही लिहू नका, पण ही वरची मुलगी आहे ना, हिला विचारा. बोल गं. — हं. थांबलीस, छान. — अगं, हात माझ्याकडे काय दाखवतेस? स्वतःकडे करायचा. — नाही हो ताई, नवीन आहे ही, घाबरलीय, हिलाच तो जिना — हिलाच — थांबा. एक मिनिट. सांगते. — नाही, हे नाटक नाही. — हं. लावा बोटाला ते काय असेल ते. आणि नाव हिचं नका लिहू, माझं लिहा.

तू काय उभी आता? जा खाली. कंडक्टरांना सांग, फडकं सोडा आणि ताई परत उतरल्या की खरं काय ते बोला. आणि हे बागेत असतील, त्यांना वर घेऊन ये. हळू आण, धावायला लावू नकोस. काय झालं म्हणून विचारतील, तू काही बोलू नकोस. माझं दुखणं मीच सांगीन. जा.