टेबलावरचं घड्याळ

तुम्ही हसाल, पण हल्ली मी कोणाच्याही घरी मनगटावरचं घड्याळ काढत नाही. मालिकेत चार वर्षं मी सरकारी वकील होतो ना, त्यात माझी एक लकब होती. आरोपीपुढे घड्याळ काढून ठेवायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. आरोपी फुटायचाच, कारण तसं लिहिलेलंच असायचं.

मस्कतला तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. दुपारचं जेवण अल हैलला देशपांडे वहिनींकडे. जेवणं झाली तशा वहिनी म्हणाल्या, "यल्ला, चला सर, ते घड्याळाचं करून दाखवा ना! आमच्या दत्ताभाऊंवर करा."

दत्ताभाऊ म्हणजे स्वयंपाकासाठी सहम गावाहून बोलावलेले कोकणातले आचारी, पन्नाशीचे. ते हात पुसत समोर उभे राहिले. मी घड्याळ ठेवलं आणि मालिकेतला हुकमी प्रश्न टाकला, "बायकोला शेवटचं कधी पाहिलंत?"

आणि गप्प बसलो.

"पहाटे, साहेब," ते म्हणाले. "विहिरीवर. तिने हाक मारलेली. दोनदा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय ॲक्टिंग केलीत हो, दत्ताभाऊ!" मीही हसलो.

निघताना सहज वहिनींना विचारलं, "यांच्या घरी कोण असतं?"

"कोणीच नाही हो. बायको कधीच गेली. पाय घसरला म्हणे."

मी गाडीत बसलो, तर दत्ताभाऊ धावत आले. वाटलं, सेल्फी हवा असेल. काच खाली केली. ते हात जोडून हळूच म्हणाले, "साहेब, इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. आता पुढची तारीख कधी?"