शामराव, लाल दिवा आणि डॉक्टर

कागद? नाही हो, कागद नाही आणला. वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की डॉक्टर नीट दिसतात. मग भाषणाचं काही खरं नाही.

तर, माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संचालक मॅडम, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, सगळा स्टाफ, आणि शेवटच्या रांगेत फोन बघत बसलेले माझे चिरंजीव व सूनबाई! आज आपले डॉक्टर निवृत्त होतायत. मी त्यांच्या उंदरांची आई. गावच्या शाळेत सातवी शिकले, नवरा गेल्यावर इथं पिंजरे धुवायला लागले, ती आजतागायत.

पाहुण्यांना आमचं काम सांगते. उंदराच्या मेंदूत तिळाएवढी ग्रंथी असते, पिनिअल म्हणतात तिला. अंधार पडला की ती एक रसायन सोडून अंगाला निरोप देते, रात्र झाली बरं का! तो निरोप हो, आजच्यासारखा नाही. पिंजऱ्याभोवती तारेची वेटोळी बसवून करंट सोडला, तर चुंबकाच्या जोरानं त्या निरोपात काही गडबड होते का, एवढंच बघायचं. आमच्या सोयीसाठी खोलीत भरदुपारी रात्र केलेली. मिणमिणता लाल दिवा. मग बाहेर कुजबुज, बाई आणि डॉक्टर आत करतात तरी काय? अहो, लेंड्या काढतो!

निम्म्या पिंजऱ्यांवर चिठ्ठी असायची, 'शॅम'. मी वाचलं शाम. रोज विचारायची, "काय शामराव, जेवलात का?" एकदा डॉक्टरांनी ऐकलं. हसून हसून खालीच बसले. "अहो बाई, शॅम म्हणजे नुसता देखावा! वेटोळं बसवायचं, करंट सोडायचा नाही. म्हणजे दोघांतला फरक कळतो."

म्हटलं, "मग आपल्या संस्थेच्या निम्म्या कमिट्या शामरावच की!"

हसा मॅडम, आज माफ असतं.

आणि निकाल? कधी करंटवाल्यांचं रसायन कमी भरायचं, पुन्हा करून बघितलं की दोन्हीकडे सारखंच. डॉक्टरांनी तसंच छापलं, नक्की सांगता येत नाही. असं छापायला छाती लागते की नाही, तुम्हीच सांगा?

तर असा हा माणूस. उंदरांच्या जोड्या लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलं. परवा निघालेत बहिणीच्या गावाला, कायमचे. मागच्या आठवड्यात खोलीत मला म्हणाले, "बाई, तुम्ही याल का माझ्याबरोबर? रीतसर, लग्न करून." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "नातवंडं खेळवायच्या वयात नवरी कुठं होऊ?" त्यांनी पुन्हा विषय नाही काढला. नक्की ठाऊक नसलेलं गृहीत धरायची सवयच नाही ना त्यांना.

चिरंजीव, फोन ठेवलात? बरं झालं.

मॅडमनी बोलू दिलं, तुम्ही कंटाळा न दाखवता ऐकलंत, उपकार झाले. माझ्या जिभेला हाड नाही, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि डॉक्टर, खाली काय बघताय, इकडं बघा. मी घाबरले होते, म्हणून हसले. मला यायचंय तुमच्याबरोबर. लग्न करून.