पडद्यामागची घंटा

— नाही हो, बिघडलेला नाही तुमचा कॉम्प्युटर, आणि आता सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं आहे, बायकोची शपथ — म्हणजे तिची शपथ घ्यायची मला बंदी आहे, ते सोडा. तुम्ही कळा दाबल्या, स्क्रीनवर काही हललं नाही, म्हणून परत दाबल्या, परत दाबल्या, आणि मग एकदम चार खिडक्या उघडल्या — असंच ना? असंच. माउसनं उघडलं की बाणाशेजारी चकरी फिरते, म्हणजे थांब बाबा, येतोय. कळांच्या शॉर्टकटनं उघडलं की या मशीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. आतून प्रोग्रॅम निघालेला असतो, पण निघालो म्हणून सांगत नाही. माझ्या मेव्हण्यासारखा.

मेव्हणा नाटकं बसवतो. हौशीच, पण तोरा केवढा! गेल्या वर्षी त्यानं बहिणीला — म्हणजे आमच्या हिला — पहिल्यांदा मोठी भूमिका दिली. इतकी वर्षं ही नुसती शेजारीण नाहीतर नर्स, आता नायिका. भाजी चिरताना संवाद, झोपेतसुद्धा संवाद. आणि कॉम्प्युटरवरून आवाज वाजवायची बाजू कुणाकडे? माझ्याकडे. मेव्हणा नको म्हणत होता, हिनंच हट्ट धरला. मग त्यानं अट घातली, माउस वापरायचा नाही, त्याची टकटक पहिल्या रांगेत ऐकू जाते — सगळं शॉर्टकटवर.

प्रसंग असा — ही फोनजवळ उभी, घंटा वाजते, नवरा गेल्याची बातमी येते. सभागृह चिडीचूप. मी कळा दाबल्या. काही नाही. ही फोनकडे बघतेय. परत दाबल्या. ही आता विंगेत बघायला लागली, माझ्याकडे — ती नजर शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. दाबत सुटलो मी. आणि वाजली हो — एक, तिच्यावर दुसरी, दहा-बारा घंटा एकमेकींत घुसलेल्या — बरं, चार. हिनं रिसीव्हर उचलला तरी चालूच. तर ही शांतपणे म्हणते, "मेला, तरी याची घाई सुटली नाही." लोक हसून लोळायचे बाकी.

हसताय ना? सगळेच हसतात. पण... नाही, ते वाक्य ती बोललीच नाही हो. तिनं रिसीव्हर ठेवला आणि सरळ आत निघून आली. घरी आल्यावर दारात एवढंच म्हणाली, "आता मी परत कधी स्टेजवर उभी राहायची नाही." चपला काढता काढता ते वाक्य जुळवलं, तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. ती जिन्यावर बसली आणि हसत सुटली, डोळे पुसत. पुढच्या प्रयोगाला मला मुद्दाम चार घंटा वाजवायला लावल्या तिनं, आणि ते वाक्य स्वतः म्हटलं. आता बाहेर ती सांगते, "पहिल्याच प्रयोगात, आयत्या वेळी सुचलं मला." मीही तेच सांगतो. तुम्ही काही ऐकलं नाही — निघा आता, ती येतेय.