ताटलीला हात

शनिवारी लोणावळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात स्नेहल मांजराची टोपली घेऊन रांगेत बसली होती. शेजारी हाताला पट्टी बांधलेले एक साहेब, पलीकडे शेळी घेऊन आलेल्या मंगलमावशी. साहेबांच्या कुत्र्यानं मावशींच्या पायावर मान टेकली होती.

"यानंच धरला व्हय हात?"

"हो ना! हा खात असताना नुसती ताटली उचलली मी. मालक कोण, ते कळायला नको?"

"उचलायची न्हाई, साहेब. जाता जाता लांबून मटणाचा तुकडा टाकायचा आन् पुढं चालायचं. माणूस आलं की ताटलीत वाढतंय, हे कळू द्या त्याला."

"आणि गुरगुरला तर?"

"तर मागं सरा. गुरगुरतो म्हंजे सांगतोय बिचारा. मारून ते बंद केलं, तर न सांगता चावंल. पंधरा दिस रोज करा."

"रोज कसं जमेल? आम्ही बंगल्यावर शनिवार-रविवारच येतो."

"मग सोमवारी कोण घालतं त्याला?"

"मिळतं त्याला काहीतरी. तब्येत बघा की, कुठं वाळलाय?"

"वाळंल कसा? सोमवारपास्नं आमच्याच वाडीवर असतो. माझ्या हातातनं भाकर खातो."