खिडकीची जागा, दौंडपर्यंत

रेल्वेतलं माझ्याइतकं अख्ख्या शिरूरमधी कुणाला कळत न्हाई. आता शिरूरला रेल्वेच न्हाई, ती गोष्ट वेगळी.

पुण्याहून लेकीकडं नागपूरला निघालो. बायको म्हणाली, जलद गाडीनं जाऊ. मी म्हटलं, "हळू गाडीला तिकीट कमी आन् देखावा जास्त!" खिडकीशी पुढं तोंड करून मी बसलो, तिला समोर उलटं बसवलं. वर सांगितलं, "उलटं बसलं की देखावा जास्त वेळ दिसतो." तिचं माहेर दौंडचं. गपगुमान बसली.

दौंडला इंजिन काढून मागच्या टोकाला जोडलं आन् गाडी उलट्या दिशेनं निघाली. मला मळमळायला लागलं.

"अगं, जागा बदल की."

"अहो, देखावा जास्त वेळ दिसतो ना? मग बघा की आता नागपूरपर्यंत!"